हार बाहेर ठेवा

आमच्या साहेबांचा गळ्यात हार घातलेला फोटो सगळ्या जुन्नर-आंबेगावात शोधलात तरी सापडायचा नाही. म्हणजे एक आहे, पण तो माझ्याकडं आहे आणि मी तो कुणाला देत नाही. बाकी त्यांच्या नोकरीत सत्कार काय कमी झाले? मेळावे झाले, उद्घाटनं झाली. प्रत्येक फोटोत सगळे ओळीनं हारात, आणि टोकाला हे एकटे मोकळ्या गळ्यानं, कपाळाला आठ्या घालून. गळ्यात असलीच तर एक काळी दोरी आणि तिला अडकवलेलं भिंग. माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा तो ताईत वाटला होता. "शिकलेला माणूस आन् ताईत घालतोय बघ," म्हणाल्या होत्या.

साहेब शेतीखात्यातले. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांवर रोग नाही, कीड नाही, हे बघून दाखला द्यायचा, हे त्यांचं काम. मी आळ्याच्या पॅकहाऊसवर कामाला. आमच्या बागायतदारांनी एकत्र येऊन ही शेड उभारली. बागेतला माल इथं येतो, बायका कात्रीनं घड साफ करतात, डब्यात भरतात, मग तो गार करून कंटेनरमध्ये चढवतात. साहेबांचा दाखला नसला तर कंटेनर जागचा हलत नाही. त्यामुळं हंगामात आमचं आणि त्यांचं रोजचं तोंड बघणं, आणि रोजचं भांडण.

त्यांच्या खिशात एक पांढराशुभ्र रुमाल असायचा. घाम पुसायचा वेगळा, हा वेगळा. द्राक्षाचा घड दिसला की रुमाल पसरायचा, घड त्यावर धरून दोन टिचक्या मारायच्या आणि जे काय पडेल ते भिंगातून बघायचं. "आधी झटका, मग बोला," हे त्यांचं पालुपद. बागायतदार बिचारा सांगत असायचा, साहेब, यंदा छाटणी लवकर घेतली, औषधं वेळेवर मारली, पण हे ऐकतच नसत. रुमालावर काही पडलं नाही की मग मान वर करून म्हणायचे, "हां, आता बोला. पोरगी कितवीला हाय?"

ही खोड कामापुरती असती तर ठीक होतं. आमचे चेअरमन नाना, त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. माइकवरून साहेबांचं नाव पुकारलं, सत्कारासाठी. हे गेले स्टेजवर. नानांनी हार उचलला, तर यांनी तो हातातच घेतला, रुमाल पसरला आणि भर मांडवात टिचक्या मारायला लागले. भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "फुलकिडे हायेत." माइक चालू होता. हजार माणसाला ऐकू गेलं. नवरदेवानं आपल्या गळ्यातला हार तिथल्या तिथं मागं सारला आणि अक्षता पडेपर्यंत बिचारा मान खाजवत होता. नाना चार दिवस साहेबांशी बोलले नाहीत. मी मात्र पदरात तोंड घालून हसून घेतलं.

कुणाकडून काही घ्यायचं नाही, हा दुसरा नेम. एकदा कुणीतरी त्यांच्या गाडीच्या डिकीत गुपचूप दोन किलो द्राक्षांची पेटी ठेवली. साहेबांना घोडेगावला पोचल्यावर कळलं. तसेच उलटे आले, भर उन्हात, आणि पेटी परत करून वर सांगून गेले, "देठाला भुरीचा रोग हाय तुमच्या. उद्या बाग बघायला येतो." त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. द्राक्षं दिली आणि तपासणी पदरात पडली!

चहासुद्धा प्यायचे नाहीत. स्वतःची थर्मासची बाटली, त्यात गवती चहा घातलेला कोरा चहा. याचा सगळ्यात जास्त राग हमीदभाईंना. हमीदभाई जुन्नरचे, तीन पिढ्यांचा फळांचा धंदा, आमचा माल परदेशी पाठवायचं काम त्यांचंच. "भाभी," मला म्हणायचे, "बारा साल झाले, ह्या माणसानं माझ्याकडचा घोटभर चहा नाही घेतला. मी काय जहर घालतो का त्यात?" मी साहेबांना तसं सांगितलं तर म्हणाले, "चहात काय नाय हो. पण उद्या त्यांचा माल नापास करताना तो चहा आठवतो मला."

मोठी माणसंही सुटायची नाहीत. पॅकहाऊसच्या दारात औषधाचं पाणी भरलेला ट्रे, त्यात बूट बुडवायचे, डोक्याला जाळीची टोपी घालायची, तेव्हा आत. एक बडे पुढारी आले होते, डोक्यावर एक केस नाही. ते म्हणाले, "अहो, मला टोपी कशाला? केसच नाहीत." साहेब त्यांच्याकडं नीट बघून म्हणाले, "भुवया हायेत नव्हं?" पुढाऱ्यांनी मुकाट्यानं टोपी भुवयांपर्यंत ओढली. आम्ही सगळ्या बाया कात्र्या हातात धरून खाली मुंडी घालून उभ्या.

हा असला हट्ट यांच्यात आला कुठून, असं मला वाटायचं. मग एकदा बोलता बोलता कळलं. साहेब मूळचे आहुप्याकडचे, डोंगरातले. घरची भात-नाचणी, आणि गावाला देवराई. "आमच्या देवराईतली वाळकी काडीबी कुणी भायेर नेत नाय," ते म्हणाले. "लहानपणी मी एकदा भोवरा करायला फांदी आणली, तर आज्यानं तशीच परत ठेवायला लावली. अंधार पडायला लागला व्हता, पर जावं लागलं. तिथं कुणी विचारतं का, कुठल्या कायद्यात हाय म्हणून? आत ते आत, भायेर ते भायेर. माझं काम तेच हाय ताई, फक्त उलट्या बाजूनं."

आता ती गोष्ट सांगते. साहेबांची म्हणून सांगते, पण चूक सगळी माझी होती.

दूरच्या एका थंड देशानं बाहेरच्या फळांना दार उघडलं होतं. त्याचं नाव आमच्या जिभेवर बसेना म्हणून आम्ही त्याला 'नवा देश' म्हणायचो. तिथं परवापरवापर्यंत बाहेरचं सगळं सरकारच मागवायचं, आता व्यापाऱ्यांना मोकळीक दिली होती. दोन्ही सरकारांचं बोलणं झालं, कागद झाले. हमीदभाई तिकडं जाऊन गिऱ्हाईक पक्कं करून आले. साहेबांनी दोन हंगाम आमच्या मागं लागून शेड त्यांच्या नियमात बसवली. आता एवढंच राहिलं होतं, की त्यांची तपासनीस बाई येणार, आमचं पॅकहाऊस बघणार, आणि पास केलं तर आमचं नाव त्यांच्या यादीत चढणार. आमच्या भागातून पहिलंच नाव. आमच्यावरून पुढच्यांचं ठरणार होतं. आणि त्याच वर्षी शेडच्या चाव्या माझ्याकडं आल्या होत्या. सुपरवायझर बाई नको म्हणणारे पुष्कळ होते, नानासुद्धा त्यातलेच. साहेबांनीच कधीतरी म्हटलं होतं, की ह्या एकट्याच रोज न सांगता बूट बुडवतात. तेवढ्यावर मला चाव्या मिळाल्या होत्या.

बाई येण्याच्या आधी साहेबांनी बैठक घेतली. म्हणाले, "मी नोकरीला लागलो तवा आपला देश पण दार किलकिलं करत व्हता. दार उघडणारा माणूस लई भ्यालेला असतो, मी बघितलंय. त्याच्या घरातलीच माणसं टपून असतात, की बाहेरच्या मालात एक किडा सापडू दे, मग बघू. आपल्या डब्यात तो सापडला तर माल परत येईल ते सोडा, तिकडं ज्यानं दार उघडलं त्याची खुर्ची जाईल. म्हणून सांगतो. हार नाय, तुरे नाय, नारळ नाय, तोरण नाय. फाटकाच्या आत झाडाचं पान दिसता कामा नये."

नानांचा चेहरा उतरला. "आवो, पावणं सातासमुद्रापल्याडून येणार आन् आमी रिकाम्या हातानं उभं राहायचं व्हय? लोक तोंडात शेण घालतील आमच्या."

"हार बाहेर ठेवा," साहेब म्हणाले. "फाटकाच्या बाहेर, डांबरी रस्त्यावर, तपासणी झाल्यावर. तिथं काय घालायचं ते घाला."

एवढं साफ सांगितलं होतं माणसानं. आणि मी काय केलं?

सकाळी दहाला पाहुणे येणार होते. नारायणगावहून हार आणले होते, झेंडूचे, मध्ये मध्ये शेवंती. फाटकाबाहेर टेबलावर ठेवले. दहा वाजले, अकरा वाजले. मग फोन आला की गाडीला उशीर आहे, चार वाजतील. फेब्रुवारीचं ऊन काय असतं ते सांगायला नको. फुलं माना टाकायला लागली. नाना येरझाऱ्या घालत म्हणाले, "सूनबाई, हे काय खरं न्हाई. सुकलेला हार घालायचा का पावण्याला? त्यापरीस नगंच."

माझं माहेर महाळुंगे पडवळचं. घरची शेवंती होती. फूल कसं टिकवायचं हे मला कुणी शिकवायला नको. कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलं तर झेंडू काळवंडतो, हेही मला ठाऊक. म्हणून मी हुशारी केली. हार ओल्या फडक्यात गुंडाळले आणि पॅकिंगच्या हॉलमध्ये, एसीच्या गारव्याला, कोपऱ्यातल्या क्रेटच्या मागं ठेवून दिले. दोन-तीन तासांचा तर प्रश्न होता. तुम्हाला सांगते, त्या वेळी मला किडा आठवला नाही, साहेब आठवले नाहीत. दारात पाहुणा येणार आणि फुलं सुकली, एवढंच डोक्यात होतं. आमच्याकडच्या कुठल्याही बाईनं तेच केलं असतं. आत जाताना बूट मात्र बुडवले, बघा!

आणि पाहुणे चारऐवजी दोनलाच आले.

बाई बुटक्या, पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल बांधलेला. गाडीतून उतरल्या आणि साहेबांकडं बघून थबकल्या. साहेबही थबकले. दोघांच्याही गळ्यात काळ्या दोरीला भिंग. दोघं हसले नाहीत, पण मान दोघांनी एकदमच हलवली. बाईंबरोबर पुण्याची एक दुभाषी होती. तिला काही बोलायलाच लागेना. एकानं बोट दाखवायचं, दुसऱ्यानं मान डोलवायची. बूट बुडवले, टोप्या घातल्या, हॉलमध्ये आले. आता मला हार आठवले. पण आता पुढं होऊन ते काढणार कसे?

बाईंनी नेमका कोपऱ्यातलाच क्रेट ओढला. घड उचलला, पांढरा कागद पसरला, दोन टिचक्या मारल्या. कागदावर एक तांबूस ठिपका पडला. आणि तो ठिपका चालायला लागला.

हमीदभाईंचा हात दाढीवर गेला तो तिथंच राहिला. साहेब वाकले, भिंगातून बघितलं, सरळ झाले. मग त्यांनी नाक वर करून हुंगलं. "झेंडूचा वास येतोय," ते हळूच म्हणाले. क्रेटच्या मागं हात घातला आणि ओलं फडकं बाहेर काढलं.

नाना त्यांच्या कानाशी लागले. "साहेब, ते लपवा आदी. बाईंच्या डोक्याच्या रुमालातनं आला म्हणा. कुणाला कळतंय?"

साहेबांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, "कुणी ठेवलं?"

"मी," म्हटलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

"मग सांगा त्यांना."

"मी? साहेब, तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं तर ते सरकारचं बोलणं झालं. सरकारचं बोलणं त्या रोज ऐकतात. तुमी सांगा. जसं झालं तसं सांगा."

मी सांगितलं. मराठीत. की उशीर होणार म्हणून फोन आला, फुलं सुकायला लागली, सुकलेला हार पाहुण्याला घालणं बरं दिसत नाही, साहेबांनी बाहेर ठेवा म्हणून बजावलं होतं, पण मीच ठेवले आत. दुभाषीनं सगळं सांगितलं. बाई माझ्याकडं बघत होत्या, तिच्याकडं नाही. मग त्यांनी हार मागितला आणि कागदावर झटकला. काय सांगू, किडेच किडे! मग त्यांनी लांबच्या क्रेटमधले घड काढले, एकामागून एक झटकले, तासभर झटकत होत्या. एकावरही काही पडलं नाही.

शेवटी हातमोजे काढून काहीतरी बोलल्या. दुभाषी हसू दाबत म्हणाली, "त्या म्हणतायत, आमच्याकडं पाहुण्याला दारात पाव आणि मीठ देतात. पाहुण्यासाठी आमचीही माणसं नियम मोडतात. म्हणून तर मला कामाला ठेवलंय."

पण पास केलं नाही. आज नाही. हॉलमधला सगळा माल इथल्या बाजारात काढायचा, हॉल धुवायचा, तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा बघणार. तेव्हा किडा दिसला तर यंदाचा विषय संपला.

त्या गेल्या आणि नानांनी माझ्यापुढं हात केला. "चाव्या."

मी कमरेच्या काढल्या. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू. साहेब तेवढ्यात म्हणाले, "राहू द्या तिच्याकडंच. ती आता जन्मात आत फूल ठेवायची नाय. नवा माणूस आणाल, तर त्याला आदी एकदा ठेवून बघावं लागंल, मग कळंल. तेवढा येळ हाय का आपल्याकडं?" नानांचा हात हळूहळू खाली गेला.

दोन दिवस आम्ही हॉल धुतला. बाया, बागायतदार, हमीदभाईंची माणसं, सगळे. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाइप हातात घेतला. छताच्या पट्ट्यासुद्धा सोडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी हमीदभाईंनी सगळ्यांसाठी चहा आणला. सवयीनं साहेबांना सोडून पुढं निघाले, तर साहेबांनी हाक मारली. आपल्या थर्मासमधून कोरा चहा ओतला आणि कप हमीदभाईंच्या हातात दिला. "हा तुमी घ्या, तुमचा मला द्या. दोन्हीकडनं गेलं की तो व्यापार. एकीकडनंच गेलं तर त्याचं नाव वेगळं हाय." हमीदभाईंनी गवती चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साहब," म्हणाले, "बारा साल तुम्ही हे पीत होता? माझ्यावरचा राग म्हणून?" पाण्यात उभे राहून सगळे इतके हसले की नानांचा पाय घसरता घसरता वाचला.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. कोपरा न् कोपरा झटकला. कागद कोरा. त्यांनी सही केली. नंतर साहेबांनी सांगितलं, बाईंनी आपल्या अहवालात लिहिलं होतं की दोष सापडला आणि कारण इथल्या माणसांनी स्वतःहून सांगितलं. "त्या एका ओळीवर तिकडं लोक गप झाले म्हणे," ते म्हणाले. "किडा काय हो, सगळ्या जगात सापडतो."

मग आम्ही सगळे फाटकाबाहेर गेलो, डांबरी रस्त्यावर. नानांनी बाईंना हार घातला. मान वाकवून घेतला त्यांनी, आणि फुलं हुंगून हसल्या. मग दुसरा हार उचलून त्या साहेबांकडं वळल्या. साहेब दोन पावलं मागं सरले. "नको नको, मला अजून आत जायचंय," म्हणाले. झालं! त्या फोटोतही हे मोकळ्या गळ्यानंच.

आमची द्राक्षं त्या देशात गेली, अजून जातात. मार्चमध्ये तिकडून एक फोटो आला, दुकानात आमचे डबे, बाहेर बर्फ. नानांनी तो मोठा करून ऑफिसात लावलाय. आणि चाव्या आहेत माझ्याकडंच. फाटकावर मी पाटी लावलीय, 'हार बाहेर ठेवा'. हार घेऊन आलेले पाहुणे बुचकळ्यात पडतात, पण ठेवतात.

साहेब आता गावी असतात. भात आणि नाचणी करतात. फोनला रेंज मिळावी म्हणून टेकाडावर चढतात आणि वरूनच विचारतात, "झटकलं का?"

पण फोटोचं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर ते निवृत्त झाले. समारंभ करायचा नाही, असं ऑफिसला लेखी कळवलं होतं म्हणे! तरी मी त्यांच्या शेवटच्या दिवशी जुन्नरला गेले. माहेरच्या शेवंतीचा हार पहाटे उठून स्वतः गुंफला होता. ते एकटेच बसले होते, टेबल रिकामं. फोटोसाठी मी माझा मोबाइल दारातल्या शिपायाकडं दिला. हार बघून त्यांनी खिशातून तो पांढरा रुमाल काढला, पसरला, हार वर धरला आणि दोन टिचक्या मारल्या. भिंगातून बराच वेळ बघितलं.

"दोन हायेत," म्हणाले.

मला रडूच यायला लागलं. "टाकून देऊ का साहेब?"

त्यांनी रुमाल खिडकीबाहेर धरून हळूच झटकला. गळ्यातली काळी दोरी काढली, भिंग खिशात टाकलं आणि माझ्यापुढं मान वाकवली.

"घाला," म्हणाले. "आता मी कुठं परदेशात चाललोय."